वनस्पतिशास्त्रज्ञांची जुनी पत्रे वाचताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वनस्पतिशास्त्रज्ञांची पत्रे आता स्कॅन होऊन घरबसल्या वाचायला मिळतात. ती वाचताना बहुतेक अभ्यासक वनस्पतींविषयीचा मजकूर टिपून घेतात आणि आजारपण, लग्नकार्य, पैशांची ओढाताण हा मजकूर खासगी म्हणून बाजूला टाकतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आयर्लंडमधील बँट्री उपसागराच्या काठी राहणाऱ्या एलेन हचिन्स आणि इंग्लंडमधील यार्मथचे बँकर व शैवालांचे अभ्यासक डॉसन टर्नर यांच्यात १८०७ ते १८१४ पत्रव्यवहार चालला. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. टर्नर यांच्या समुद्रशैवालांवरील ग्रंथासाठी एलेन नमुने आणि चित्रे पाठवीत होत्या. त्याच वेळी वृद्ध आईची आणि अपंग भावाची शुश्रूषा त्यांच्याकडे होती व स्वतःची प्रकृतीही ढासळत होती. वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, १८१५ मध्ये, त्या वारल्या. नमुने कधी भरभरून गेले आणि कधी थांबले, हे घरची हकिकत वगळून समजूच शकत नाही. म्हणून पत्राची नोंद करताना पूर्ण मजकूर उतरवावा, निवड नंतर करावी.

तारखेच्या बाबतीत फसगत ठरलेली असते. त्या काळी सप्टेंबर '7bre', ऑक्टोबर '8bre' असा, लॅटिनमधील सात (सेप्टेम) आणि आठ (ऑक्टो) यांवरून, आकड्याने लिहीत. तो जुलै किंवा ऑगस्ट समजला, की सारा क्रम विस्कटतो. फ्रेंच पत्रांवर १८०५ अखेरपर्यंत क्रांतिकाळातील पंचांगाची तारीख असू शकते, तर रशियातून आलेल्या पत्रावरील तारीख पश्चिम युरोपच्या तारखेपेक्षा १२ दिवसांनी मागे असते. तारीख जुळत नसेल तर टपालाचा शिक्का आधी पाहावा.

तारखा जवळजवळच्या आहेत एवढ्यावरून दोन पत्रांना प्रश्न आणि उत्तर मानू नये. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून नॅथॅनियल वॉलिच यांनी लिहिलेले पत्र आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालून ग्लासगोला विल्यम हूकर यांच्या हाती पडेपर्यंत चार-सहा महिने सहज जात, आणि तोवर दोघांनीही पुढचे पत्र धाडलेले असे.

अक्षर दाटीचे आहे किंवा कागद फिरवून ओळींवर आडव्या ओळी लिहिल्या आहेत, म्हणून लेखकाला गबाळा ठरवू नये. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी टपालहशील अंतरावर आणि तावांच्या संख्येवर आकारले जाई आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागे; एका तावात सारे बसवणे हा मित्राच्या खिशाचा विचार होता. असे पान वाचताना स्कॅन ९० अंशांत फिरवून आधी एकाच दिशेच्या ओळी शेवटपर्यंत उतरवाव्यात.

छापील पत्रसंग्रह म्हणजे निवड, हेही ध्यानात ठेवावे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांची पत्रे त्यांच्या पत्नी प्लेझन्स यांनी १८३२ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांनी हे काम निष्ठेने केले, तरी मूळ हस्तलिखित उपलब्ध असेल तेथे तेच पाहावे.

आणखी एक चूक वनस्पतींच्या नावांची. पत्रात आलेले नाव पुष्कळदा लेखकाने तात्पुरते ठेवलेले असते आणि पुढे ते कधी छापलेही जात नाही. त्यामुळे आजच्या कोशात ते सापडले नाही, तर वाचनात चूक झाली असे समजून अक्षरे बदलू नयेत. खात्री नमुन्यावरूनच होते आणि तो शोधायचा तर पत्रात नमुन्याला दिलेला क्रमांक कोणाचा ते आधी पाहावे लागते. वॉलिच यांनी लंडनमध्ये तयार केलेल्या सूचीत नऊ हजारांहून अधिक क्रमांक आहेत आणि त्या सूचीतील नमुन्यांचा मुख्य संग्रह आज लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात वेगळा ठेवलेला आहे; पण ही सूची १८२८ च्या अखेरीस निघू लागली. त्याआधीच्या पत्रातील क्रमांक या सूचीत शोधू नये. तो पाठवणाऱ्याचा स्वतःचा असतो आणि पत्रासोबतच्या, बहुधा वेगळ्या फाईलमध्ये गेलेल्या यादीतच त्याचा पत्ता लागतो.