नवा कॉम्प्युटर, जुनी डिस्क आणि न हटणारे फोल्डर : या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ज्यांच्या मशीनमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांवर नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली. मी त्यातलाच एक. नवं मशीन तासाभरात लागलं. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडली, डेटा उतरवून घेतला आणि जुने फोल्डर उडवायला बसलो, तर निम्मे जागचे हलेनात. त्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्यातली दीड तरी मी माझ्याच चुकीने घालवली.

मेसेज न वाचता जोर लावणं

फोल्डर डिलीट होईना की आपण लगेच कुठलं तरी 'अनलॉकर' डाउनलोड करायला धावतो. पण विंडोज नुसतं नाही म्हणत नाही, कारणही सांगतं. आणि प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे.

'ॲक्सेस डिनाइड' किंवा परवानगी नसल्याचा मेसेज आला, तर प्रश्न मालकीचा आहे. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला आतून एक सुरक्षा क्रमांक असतो. जुन्या आणि नव्या कॉम्प्युटरवर खात्याचं नाव तेच ठेवलं तरी हा क्रमांक बदलतो, म्हणून स्वतःच्याच फोटोंसमोर आपण परके ठरतो. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जा. वर 'ओनर'समोर बहुधा आकड्यांची लांबलचक माळ दिसेल. शेजारच्या 'चेंज'वरून आपलं खातं निवडा, सबकंटेनर्सचाही, म्हणजे आतल्या फोल्डरांचाही, ओनर बदलायच्या चौकोनात टिक करा आणि ओके म्हणा. सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा आणि मगच स्वतःला फुल कंट्रोल द्या. मी खिडकी बंद न करताच तासभर खटपट करत होतो.

हे एकेका फोल्डरपुरतंच करायचं. वैतागून चालू सिस्टमच्या अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घेणं ही मात्र महागात पडणारी चूक. विंडोजच्या बऱ्याच फाइलींचा मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' हे विंडोजचं स्वतःचं आतलं खातं असतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. तिथल्या परवानग्या विस्कटल्या की अपडेट आणि ॲप रुसायला लागतात, आणि सगळं जसंच्या तसं परत करणारं बटण नाही.

'फाइल इन यूज' आलं तर रिसोर्स मॉनिटर उघडा. सीपीयू टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत फोल्डरचं नाव टाका. कोण धरून बसलंय ते दिसतं. सापडलं नाही तर रीस्टार्ट करा, शट डाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत येतो.

नाव फार लांब असल्याची तक्रार म्हणजे आपल्याच सवयीचं फळ. 'बॅकअप'मध्ये 'जुना बॅकअप', त्यात 'बॅकअप फायनल', त्यात पुन्हा सगळं. पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपुढे गेला की एक्सप्लोरर अडतो. सगळ्यात वरच्या फोल्डरपासून सुरुवात करून नावं एकेका अक्षराची करत खाली उतरा. पत्ता आखूड झाला की तो निमूट डिलीट होतो.

जे काढायचंच नसतं

'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' उघडत नाही म्हणून त्याच्या मागे लागू नका. व्हिस्टापासून तो खरा फोल्डर नाही, जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली नुसती पाटी आहे. अपग्रेडनंतर मागे राहणारा जुन्या विंडोजचा फोल्डर, 'विंडोज.ओल्ड', तोही हाताने उपटू नका. साधारण १० दिवसांनी विंडोज तो स्वतः काढतं, आणि घाई असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' निवडा.

वनड्राइव्हमधून डिलीट केलेली फाइल सगळीकडूनच जाते, फक्त जुन्या मशीनवरून नाही. शिवाय ढगाचं चिन्ह असलेली फाइल त्या डिस्कवर मुळात नसते, त्यामुळे डिस्क जोडून ती हाती लागणार नाही. आणि डिस्क बाहेर काढण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. प्रोग्रॅम फाइल्स कॉपी करण्यात वेळ घालवू नका, बरेचसे प्रोग्रॅम नव्याने टाकावेच लागतात.

आता माझी दीड संध्याकाळ. डेटा नव्या मशीनवर आला होता, उघडून तपासलाही होता. मग एकेका फोल्डरशी कुस्ती कशाला? डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती फॉरमॅट केली असती तर काम मिनिटभराचं होतं. जुनी हार्ड डिस्क कुणाला द्यायची असेल तर 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढा. वेळ लागतो, पण सगळीकडे शून्य लिहिली जातात. फक्त ओके दाबण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा बघा, कारण त्याच यादीत तुमची नवी डिस्कही असते.