हँडल मधोमध अडकते तेव्हा
जुन्या माउंटन बाइकचे हँडल सरळ जाताना अडखळू लागले, तर पुढचे चाक धरणारा चिमटा वाकला असे ठरवण्याआधी पुढच्या टायरमधली हवा पाहावी. कमी हवेनेही हँडल जड होते. मग पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. चाक सरळ येताच ते खाचेत बसल्यासारखे थबकत असेल, तर दोष बहुधा हेडसेटच्या (चिमट्याची दांडी फ्रेममध्ये ज्यावर फिरते त्या वरच्या-खालच्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगच्या) खालच्या वाटीत असतो, कारण वर्षानुवर्षे त्याच स्थितीत हादरे झेलून छर्‍यांनी तिथे बारीक खळगे पाडलेले असतात. हे खळगे नव्या ग्रीसने बुजत नाहीत. हेडसेट बदलणेच योग्य. पिंजऱ्यातले (छर्रे अंतराने धरून ठेवणाऱ्या कडीतले) छर्रे काढून त्यांच्या जागी त्याच मापाचे सुटे छर्रे भरले, तर संख्या वाढल्याने ते सगळे एकदम खळग्यांत बसत नाहीत आणि काही महिने निभावते, पण ती केवळ मलमपट्टी. हँडल थबकत नसेल, तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि खालची वाटी व चिमटा यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. तिथे टकटक जाणवली, तर हेडसेट सैल आहे. हँडल एकाच बाजूला ओढत असेल, तर आखूड कापलेली ब्रेक किंवा गिअरची केबल आधी तपासावी.