हिवाळी ट्रेकसाठी हलके सामान निवडताना या चुका टाळा

मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान 7.4 अंश सेल्सिअस असून ती नोंद 22 जानेवारी 1962 या दिवसाची आहे. डिसेंबरअखेर उत्तराखंडच्या हिमालयात केदारकंठा, ब्रह्मताल किंवा कुआरी खिंडीच्या वाटेवर मात्र तंबूबाहेरचा पारा रात्री उणे पाच ते उणे दहापर्यंत सहज उतरतो. जी थंडी या शहरात वाढलेल्या माणसाने कधी अंगावर घेतलेलीच नाही, तिच्यासाठीचे सामान तो दादरच्या किंवा फोर्टच्या दुकानात, घामाने भिजलेल्या शर्टात उभा राहून निवडत असतो. अंगाला अनुभव नसल्याने त्याला लेबलावरच्या दोनच आकड्यांचा आधार उरतो: किती ग्रॅम आणि किती अंश. गेली बारा वर्षे दर हिवाळ्यात हिमालयात जाताना आणि सोबतच्या मंडळींच्या सॅका उघडून पाहताना माझ्या लक्षात आले आहे की बहुतेक चुका या दोन आकड्यांच्या अर्धवट वाचनातून होतात. हलके सामान मला मनापासून पटते, कारण हलक्या सॅकमुळे गुडघे टिकतात आणि दिवसाअखेरीस अंगात त्राण उरते. परंतु वजन कोठून कमी करायचे आणि कोठून नाही, हे ठरविण्यात हिवाळ्यात गल्लत परवडत नाही.

वजन न करता खरेदी

पहिली चूक दुकानात जाण्याआधीच होते. घरात असलेल्या सामानाचे वजन न करताच महागडी हलकी सॅक किंवा टायटॅनियमचे भांडे आणले जाते आणि दीडशे ग्रॅम वाचविल्याचे समाधान मानले जाते. मी दर नोव्हेंबरमध्ये एका रविवारी आमच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा तासाभरासाठी मागून आणतो, सॅक, बूट आणि स्लीपिंग बॅग एकेक करून त्याच्या आकड्याला लटकवतो आणि लहानसहान वस्तू स्वयंपाकघरातील काट्यावर मोजतो. पहिल्या वर्षी या मोजणीत जे दिसले ते अजून आठवते: जाड टर्किशचा टॉवेल, जीन्स, टिफिनचा स्टीलचा डबा, मोठी पॉवर बँक, शांपूची आख्खी बाटली आणि ‘असू द्या’ म्हणून घेतलेले तीन टी-शर्ट मिळून साडेतीन किलोंच्या वर गेले होते. एक रुपयाही खर्च न करता ते वजन उतरले.

अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरणाऱ्या सामानाच्या वजनाला बेस वेट म्हणतात. साडेचार किलोंच्या आतील बेस वेटला अल्ट्रालाइट म्हणण्याची पद्धत आहे. पण तो मूळचा दहा पौंडांचा आकडा बर्फाबाहेरच्या ऋतूंसाठी रुळलेला आहे. बर्फातील मुक्कामासाठी तोच आकडा गाठण्याचा हट्ट धरला, तर ऊब देणारी एखादी वस्तू घरी राहतेच. स्वतःचा तंबू आणि स्टोव्ह वाहणाऱ्याने हिवाळ्यात सात-आठ किलोंवर समाधान मानावे, असे माझे मत आहे.

स्लीपिंग बॅगचा आकडा वाचला आणि मॅट विसरली

माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक हीच होती. पहिल्या हिवाळी केदारकंठ्याला मी उणे पाच अंश लिहिलेली, वजनाला जेमतेम किलोभर भरणारी पिसांची स्लीपिंग बॅग घेतली होती आणि वजन वाचविण्यासाठी खाली सह्याद्रीत वापरतो ती पातळ फोमची मॅट. जुडा का तालाबच्या मुक्कामी रात्री दीडच्या सुमारास जाग आली, तेव्हा छाती उबदार होती आणि कंबर मात्र ओल्या फरशीवर टेकल्यासारखी गार पडली होती. कूस बदलली की ज्या बाजूवर वळावे ती बाजू दहा मिनिटांत बधिर होई. शेवटी रिकामी सॅक, पावसाचे जाकीट आणि सोबत्याचा दोर मॅटखाली पसरला, तेव्हा पहाटे तासभर डोळा लागला.

कारण साधे आहे. स्लीपिंग बॅगमधील पिसे हवा अडवून ऊब धरतात. अंगाखाली ती दबतात, हवा निघून जाते आणि खालचा भाग जवळजवळ निकामी होतो. जमिनीकडे जाणारी उष्णता फक्त मॅट अडविते. मॅटची ही क्षमता ‘आर व्हॅल्यू’ने मोजतात. साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या, चारशे ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या घडीच्या फोम मॅटची आर व्हॅल्यू दोनच्या जवळपास असते, तर बर्फावर झोपण्यासाठी एकूण पाचच्या आसपास असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. सोयीची गोष्ट अशी की दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या आर व्हॅल्यूची बेरीज होते. त्यामुळे खाली फोमची आणि वर हवेने फुगवायची, अशी जोडी मी सुचवितो. हवेच्या मॅटला रात्री भोक पडले तरी माणूस थेट बर्फावर येत नाही.

आता अंशांच्या आकड्याविषयी. आयएसओ 23537 या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ अशी तीन तापमाने असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला सैलावून झोपता येईल असे तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुषाला अंग मुडपून आठ तास कशीबशी झोप लागेल असे तापमान. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल, पण हिमदंशाचा धोका राहील असे तापमान. बॅगेच्या दर्शनी बाजूला अनेकदा लिमिटचा आणि क्वचित एक्स्ट्रीमचाही आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. खरेदी कम्फर्टच्या आकड्यावरूनच करावी. शिवाय ही चाचणी थर्मल कपडे आणि चांगली मॅट गृहीत धरून केलेली असते, हे दुकानदार बहुधा सांगत नाही.

पिसांच्या जाकिटाचे अपुरे गणित

डाऊन जाकिटावर 650, 800 असा ‘फिल पॉवर’चा आकडा असतो आणि जितका मोठा तितके उबदार, असा समज पसरलेला आहे. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम पिसे फुलून किती घनइंच जागा व्यापतात, एवढेच तो आकडा सांगतो. जाकिटात पिसे किती ग्रॅम भरली आहेत, हे तितकेच महत्त्वाचे. 800 फिल पॉवरची 100 ग्रॅम पिसे असलेल्या जाकिटापेक्षा 600 फिल पॉवरची 250 ग्रॅम पिसे असलेले जाकीट जवळजवळ दुप्पट हवा धरते. मॉलमध्ये मुठीएवढ्या पिशवीत मावणारी जाकिटे चालताना उपयोगी पडतात. संध्याकाळी तळावर उभे राहण्यासाठी ती बहुतेकांना अपुरी पडतात.

याच्याशी जोडलेली दुसरी चूक आम्हा मुंबईकरांत फार दिसते. सकाळी तंबूतून निघताना थंडी वाजते म्हणून सगळे थर अंगावर चढवून चालायला सुरुवात होते, अर्ध्या तासात थर्मल घामाने चिंब होते, आणि पहिल्या विश्रांतीला वारा लागताच दात वाजू लागतात. निघताना किंचित गारठलेले असणेच योग्य. जाड जाकीट सॅकमध्ये अगदी वर ठेवावे आणि थांबल्याबरोबर, घाम गार होण्यापूर्वी, अंगात घालावे. सुती बनियन मात्र घरीच ठेवावी, कारण सूत एकदा भिजले की त्या थंडीत दिवसभर वाळत नाही.

अल्ट्रालाइट मंडळींचा ‘एक वस्तू, दोन कामे’ हा नियम मला आवडतो, पण हिवाळ्यात तो तपासून घ्यावा लागतो. जाकिटाचीच उशी करायची असे ठरविले, तर ज्या रात्री जाकीट घालून झोपावे लागेल त्या रात्री उशी नाही. ही गैरसोय चालेल. हातमोज्यांची जोडी मात्र एकच नेली आणि त्यातला एक वाऱ्याने दरीत गेला, तर ते चालणार नाही. शंभर ग्रॅमच्या दुसऱ्या जोडीवर कधीही काट मारू नये.

स्टोव्ह पेटतो, पण पाणी उकळत नाही

स्वतः स्वयंपाक करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. संध्याकाळी व्यवस्थित पेटलेला स्टोव्ह पहाटे मिणमिणतो, आणि कॅनिस्टर, म्हणजे स्टोव्हला जोडायचा गॅसचा छोटा डबा, हलवून पाहिला तर आत गॅस खळखळत असतो. साधा ब्यूटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन सुमारे उणे 12 अंशांना आणि प्रोपेन उणे 42 अंशांना. त्याखाली पारा गेला की तो वायू द्रवरूपातच बसून राहतो. मिश्रणातील प्रोपेन आधी जळून जातो, त्यामुळे अर्धा संपलेला कॅनिस्टर नव्यापेक्षा थंडीत लवकर हार मानतो. म्हणून हिवाळ्यासाठी आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचे मिश्रणच घ्यावे, रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी ठेवावा आणि सकाळी तो ताटलीतल्या कोमट पाण्यात उभा करावा. कढत पाणी किंवा ज्योत त्याच्याजवळ कदापि नेऊ नये. कॅनिस्टरच्या डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हला सर्व बाजूंनी वारारोधक पत्रा लावू नये, कारण त्याने कॅनिस्टर धोकादायकरीत्या तापतो. बाहेर वारा आहे म्हणून बंद तंबूत स्टोव्ह पेटविणे ही तर जीवघेणी चूक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅसचा हिशेबही चुकतो. बर्फ वितळवून पाणी करायचे असेल, तर शून्य अंशाच्या बर्फाचे शून्य अंशाचे पाणी होण्यासच तेवढी उष्णता लागते, जेवढी त्याच पाण्याला शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापवायला लागते. म्हणजे इंधन जवळजवळ दुप्पट. कॅनिस्टर विमानातून नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, आणि रेल्वेतही ज्वलनशील वायू नेण्यास मनाई आहे. म्हणून तो दिल्लीत किंवा देहरादूनला विकत घेण्याची सोय आधी पाहून ठेवावी.

बूट, पाणी, बॅटरी, तंबू

जाळीचे हलके रनिंग शूज सह्याद्रीत उत्तम, पण भुसभुशीत बर्फ जाळीतून आत जातो आणि वितळतो. बूट जाड मोज्यांसह, पाय थोडे सुजलेले असतात अशा संध्याकाळच्या वेळी घालून पाहावेत. घट्ट बुटात रक्ताभिसरण अडते आणि बोटे आधी गारठतात. गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचे आवरण) आणि मायक्रोस्पाइक (निसरड्या बर्फासाठी बुटाखाली चढवायचे दातेरी साखळ्यांचे जाळे) सांकरीसारख्या पायथ्याच्या गावांत भाड्याने मिळतात, ते मुंबईहून वाहून नेण्याची गरज नाही.

नळीतून पाणी पिण्याची पिशवी वजनाला हलकी, पण नळी सर्वांत आधी गोठते. रुंद तोंडाची बाटली घ्यावी आणि रात्री उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ बुडाकडे धरतो आणि झाकण मोकळे राहते. पोकळ तंतूंचा जलशोधक एकदा गोठला की आतले तंतू फुटू शकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून तो खिशात बाळगावा. हेडटॉर्चला साध्या अल्कलाइनऐवजी लिथियम सेल घालावेत. ते वजनालाही कमी असतात. तंबूच्या बारीक खुंट्या बर्फात धरत नाहीत. रिकाम्या पिशव्यांत बर्फ भरून त्या दोरीसकट पुरल्या आणि वरून पायाने चेपल्या, तर पंधरा-वीस मिनिटांत दगडासारख्या घट्ट होतात.

तालीम न करता निघणे

जानेवारीत हरिश्चंद्रगडावर किंवा 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या परिसरात उघड्यावर एक रात्र काढली, तर उणे तापमान मिळणार नाही, पण चुका दिसतात. तेथे थंडी वाजली, तर बर्फात वाजणारच. हातमोजे न काढता तंबूची चेन लावणे, स्टोव्हचा खटका फिरविणे, बुटांच्या नाड्या बांधणे जमते का, हे घरच्या गच्चीवरही तपासता येते.

आणि तरीही मुक्कामी रात्री थंडी वाजू लागलीच, तर ती कोणत्या बाजूने येते आहे हे आधी ओळखावे. खालून येत असेल, तर सॅक, दोर, जास्तीचे कपडे मॅटखाली सारावेत. वरून येत असेल, तर जाकीट बॅगेवर पांघरावे. सगळ्याच अंगाने येत असेल, तर बहुधा पोट रिकामे असते. शेंगदाण्याची चिक्की किंवा तुपातला लाडू उशाशी ठेवावा आणि बेधडक खावा. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरावी. लघवी तुंबवून पडून राहू नये. तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडू नये, कारण त्या वाफेने पिसे ओली होतात आणि पुढची रात्र अधिक गार जाते. सोबत्याची कुडकुड एकाएकी थांबली, बोलणे अडखळू लागले, पाय लटपटू लागले, तर सामानाचा विचार सोडून त्याला कोरडे कपडे, ऊब आणि सोबत द्यावी, गाइडला उठवावे आणि खाली उतरविण्याची तयारी करावी.

परतल्यावर माळ्यावर टाकून देणे

स्टफ सॅकमध्ये, म्हणजे प्रवासात ती कोंबायच्या छोट्या पिशवीत, आवळलेली स्लीपिंग बॅग तशीच माळ्यावर गेली आणि जून ते सप्टेंबर तेथेच राहिली, तर मुंबईच्या दमट हवेत पिसांचे गोळे होतात आणि कुबट वास धरतो. एवढ्या महागाच्या बॅगेची निम्मी ऊब अशी घरातच जाते. परत आल्याबरोबर ती दोन दिवस पंख्याखाली पसरावी, गोळे बोटांनी हलके सोडवावेत आणि जुन्या दुलईच्या सुती खोळीत सैल भरून कपाटात टांगावी. ऑगस्टमध्ये एखादा कोरडा, उन्हाचा दिवस मिळाला, की खोळीतून काढून तासभर सावलीत वाऱ्यावर धरावी आणि पुन्हा टांगून ठेवावी.