सेसना १७२ मध्ये सामान बांधताना

सेसना १७२ एस या चार आसनी छोट्या विमानात मागच्या सीटमागे सामानाचे दोन भाग असतात. पुढच्या भागात १२० पौंड (५४ किलो), त्यामागच्या भागात ५० पौंड (२२ किलो). पण दोन्ही मिळून १७० पौंड चालत नाहीत, एकूण मर्यादा १२० पौंडच. हिशेब इथेच चुकतो.

बॅगा अंदाजाने उचलून बघू नका, काट्यावर तोला. आकडे वजन-संतुलनाच्या तक्त्यात भरा, कारण वजन मर्यादेत असूनही गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमानाचं वजन तोललं जातं तो) मागे सरकू शकतो. मग नाक वर जातं आणि स्टॉलमधून (पंखांची उचल तुटते त्या स्थितीतून) बाहेर पडणं अवघड होतं.

जड बॅग तळाशी, मागच्या सीटला टेकवून ठेवा. वरून जाळी टाका, पट्टे फरशीवरच्या कड्यांत अडकवून खेचा. मग सगळ्यात वरची बॅग धरून हिसडा द्या. ती बोटभर हलली तरी पट्टा पुन्हा आवळा. ताणाची रबरी दोरी इथे कामाची नाही: जोराच्या झटक्यात १० किलोची बॅग कितीतरी पट जड असल्यासारखी ओढते आणि दोरी ताणून सुटते.

विमान ओढायचा लोखंडी दांडा हमखास विसरला जातो. सामानावर मोकळा पडला, तर झटक्यात तोच डोक्यात बसेल. तोही जाळीखालीच हवा. पॉवर बँक मात्र हाताशी ठेवा, धूर आला तर पोहोचता यायला हवं. लोणच्याची बरणी काठोकाठ भरू नका, उंचावर हवेचा दाब कमी होतो.

शेवटी डावीकडचं सामानाचं दार लावून बाहेरून ओढून बघा.