ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या गोळ्या: यावेळी तरी नीट

पुढच्या महिन्यात सासूबाईंचं गुडघा बदलायचं ऑपरेशन आहे आणि घरात सगळे वॉकर, कमोडची खुर्ची, खालची खोली की वरची यावर बोलतायत. ते होईल, भाड्याने सगळं मिळतं. मी मात्र वही घेऊन गोळ्यांवर बसलेय, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झकास झालं आणि घरी आणल्यावर गोंधळ घातला तो मी.

झालं असं की डिस्चार्जच्या कागदावर दुखण्याची एक गोळी होती, दिवसातून तीनदा. आईला कणकण वाटली म्हणून मी ड्रॉवरमधली पॅरासिटामॉल 650 सुरू केली, दर सहा तासांनी, आणि वर नाक गळायला लागलं तर शेजारच्या काकूंनी सर्दीची गोळी आणून दिली, सकाळ संध्याकाळ. चौथ्या दिवशी आई जेवेना, मळमळतंय म्हणाली. रात्री तिन्ही स्ट्रिपा उलट्या करून मोबाईलच्या टॉर्चखाली धरल्या. डिस्चार्जच्या गोळीत ट्रामाडॉल या जोरदार पेनकिलरच्या जोडीला 325 पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीत 500. आणि माझी 650. बेरीज केली, 975 अधिक 1000 अधिक 2600, म्हणजे साडेचार हजारांच्या वर. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल हद्द 4000 मिलिग्रॅम, म्हाताऱ्या नि बारीक माणसांना डॉक्टर त्याहून कमीच ठेवतात, आणि आई 46 किलोची. सकाळी रक्त तपासलं, लिव्हरचे आकडे थोडे वर गेलेले, सगळं थांबवल्यावर उतरले. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसतं बघितलं माझ्याकडे, तेच जास्त लागलं.

तर पहिलं काम, आणि हेच दहाव्यांदाही सांगणार: स्ट्रिप उलटी करा आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं, त्याने काही कळत नाही. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल तिन्ही पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आहे हे लोकांना माहीत असतं, त्यात 325 पॅरासिटामॉलही आहे हे नसतं. माझी नणंद अमेरिकेहून टायलेनॉलची बाटली आणते, तेही तेच, तिकडे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात एवढंच. आणि केमिस्टला कात्रीने चार गोळ्या कापून देऊ देऊ नका, नावाचा नेमका तुकडा दुकानात राहतो आणि आपल्या हातात नुसती चकचकीत चांदी येते. अख्खी स्ट्रिप घ्या. चष्मा लावूनही दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा.

ॲडमिट व्हायच्या आधी आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका कागदावर. सगळ्या म्हणजे झोपेची, डिप्रेशनची, फिटची, आयुर्वेदिक गुग्गुळ पण, 'ते काय औषध थोडीच आहे' म्हणून लपवायचं नाही. सासूबाईंची बीपीची गोळी टेल्मिसार्टनची, आणि तिच्यातच लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं. यात डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीची पेनकिलर पडली की तिन्ही मिळून किडनीवर बसतात, त्यात ऑपरेशननंतर माणूस पाणी कमी पितो कारण संडास-बाथरूमला उठायला नको वाटतं. म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट सोबत. (गिधाडं याच डायक्लोफिनॅकने मेली, औषध दिलेली जनावरं खाऊन त्यांची किडनी गेली, 2006 मध्ये जनावरांसाठी बंद केलं आपल्याकडे. आपण गिधाडं नाही हे खरं, पण मला ते वाचल्यापासून ती गोळी हातात घेताना आठवतंच.) शिवाय गुडघ्यानंतर रक्त पातळ ठेवायचं औषध देतात गाठ होऊ नये म्हणून, त्याच्यावर ही पेनकिलर आपल्या मनाने टाकली तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. अल्सर झालेला असेल, ॲस्पिरिनने दम लागत असेल तर ते पण आधी सांगा. या गोळ्यांनी हाड जुळायला वेळ लागतो का यावर डॉक्टरांतच दोन मतं आहेत, तेव्हा आपल्या सर्जनला सरळ विचारायचं, तुम्ही देता का, किती दिवस देता, आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्यायचं. दुखण्याचा जेल पण त्यातच धरा, तोही बहुतेक डायक्लोफिनॅकच असतो. मागे वाचा!

ट्रामाडॉल दिली तर घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. चिठ्ठीशिवाय मिळत नाही ते उगाच नाही. चक्कर येते, झोप येते, मळमळतं, आणि नव्या गुडघ्याने रात्री बाथरूमला जाताना चक्कर येणं म्हणजे परत ॲम्ब्युलन्स. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर तर ती चालतच नाही, फिट येत असतील तरी नाही. उरलेल्या चार गोळ्या 'कंबर दुखतेय' म्हणणाऱ्या दिराला द्यायच्या नाहीत. आणि बद्धकोष्ठ! कोणी सांगत नाही, पेशंट लाजतो, पाचव्या दिवशी दुखणं गुडघ्याचं राहत नाही, पोटाचं होतं. इसबगोल नुसता चमचाभर घेऊन वर दोन घोट पाणी असं केलं तर आणखी घट्ट होतं, मोठा ग्लासभर पाणी पाहिजे. पोट साफ व्हायचं पातळ औषध लागणार का ते डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवा.

घरी आल्यावर पहिले काही दिवस दुखायची वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांनी दिलंय ते घड्याळ लावून द्यायचं. सासूबाई 'सोसतं मला' म्हणणाऱ्यांपैकी आहेत, सोसून मग रात्री दोनला रडायचं आणि आपण हाताला लागेल ती गोळी द्यायची, गोंधळ तिथेच होतो. वहीत तीन रकाने: वेळ, गोळी, त्यात पॅरासिटामॉल किती. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. रात्री झोपायच्या आधी बेरीज. गोळी देणारा माणूस एकच, दुसऱ्याने दिली तर त्याने लिहायचं, 'मी दिली होती बहुतेक' हे चालणार नाही. शेजाऱ्यांच्या गोळ्या प्रेमाने परत. सर्दी झाली तरी सर्दीच्या गोळीची स्ट्रिप आधी उलटी.

बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट चामडीवर नाही. उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही, बरं वाटतं पण मग गुडघा सरळ होत नाही. फिजिओच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी. पोटरी चोळून द्यायला येणाऱ्या मावशींना चहा द्या आणि परत पाठवा, आत रक्ताची गाठ असेल तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

गोळी न देता फोन करायचा तो कधी: एका पोटरीला सूज आणि दुखणं, टाक्यांतून पाणी किंवा पू, पाय बधिर, किंवा गोळी देऊनही दुखणं वाढतच चाललंय. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोनही नाही, सरळ हॉस्पिटल. ताप आला तरी आधी फोन. आईच्या वेळी मी तीन दिवस ताप दाबत बसले आणि कोणाला सांगितलंच नाही.

बंद करताना डॉक्टर सांगतील तशी, आधी ट्रामाडॉल, साधी पॅरासिटामॉल शेवटी. दारू अर्थातच नाही, सासऱ्यांना सांगतेय, 'एक घोट झोपेसाठी' द्यायचा नाही.

बाकी औषधांचा डबा झाला तयार, झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'गोळी देण्याआधी उलटी करा'. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, कोणी?