जुन्या गाडीला हेडर बसवताय? या चुका टाळा

होंडा सिटीची १.५ व्हीटेक, जुनी बलेनो, पॅलिओची १.६. या गाड्यांना हेडर बसवणं ऐकायला दोन तासांचं काम वाटतं. इंजिनातून धूर बाहेर नेणारं ओतीव मॅनिफोल्ड काढायचं, त्याच जागी पाईपांचा गुच्छ लावायचा, झालं. पण वीस-पंचवीस वर्षं तापून गंजलेला एक स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा बिनडोक्याचा बोल्ट) इंजिनाच्या हेडमध्येच तुटला की दोन तासांचे दोन दिवस होतात. तालुक्याच्या गावी लेथवाला बंद असेल, तर गाडी अंगणात घोड्यांवरच (लोखंडी स्टँडवर) उभी राहते.

अपेक्षा आधीच माफक ठेवा. १०६ बीएचपीच्या सिटीला नुसत्या हेडरने रॉकेट करता येत नाही. मिळते ती मोजकी ताकद आणि मोकळा आवाज. तेही सगळे जोड हवाबंद असतील तर. गळका हेडर मूळ ओतीव मॅनिफोल्डपेक्षा वाईट चालतो. निवडताना गावाकडच्या वापराला ४-२-१ (चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक) घ्या, म्हणजे मधल्या आरपीएमला ओढ मिळते. ४-१ चा (चारही नळ्या थेट एकात) फायदा वरच्या आरपीएमला दिसतो आणि पांदण रस्त्यावर तिथपर्यंत सुई जातच नाही. मागचा पाईपही उगाच जाड करू नका. दीड लीटरच्या इंजिनाला दोन इंच म्हणजे सुमारे ५१ मिमी पुरतो. अडीच इंची पाईपाने आवाज वाढतो आणि खालची ओढ जाते.

सामान हातात नसताना खोलायला घेणं

पहिली चूक हीच. पाना लावण्याआधी हे सगळं समोर हवं: नवीन मॅनिफोल्ड पॅकिंग (शक्यतो दोन), स्टड आणि नटांचा पूर्ण संच, हेडरच्या खालच्या जोडाचं पॅकिंग, कॉपर ग्रीस, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), सरळ पोलादी पट्टी, टॉर्क रेंच, ऑक्सिजन सेन्सरसाठी २२ मिमीचा फाटका (तारेसाठी चीर असलेला) गोटीपाना आणि दोन मजबूत घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. काळ्या मातीच्या अंगणात जॅक कलतो, म्हणून घोडीच्या पायाखाली जाड फळी टाका.

स्टडवर जोर काढणं

नट बहुतेक एम-८ चे असतात, १२ किंवा १३ मिमीच्या पान्याचे. आदल्या रात्री प्रत्येक नटाच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. इंजिन कोमट असताना खोला. लालबुंद नको आणि अगदी गारही नको. आधी नट आवळायच्या दिशेने हलकाच हलवा, गंजाचा कडक थर मोडतो. मग सोडवा. थोडा सुटला आणि पुन्हा जड झाला, तर मागे फिरवा, तेल घाला, पुन्हा पुढे घ्या. लांब पाईप चढवून एकदाच ताणलं की स्टड तुटतो. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे त्यात ड्रिल वाकडं गेलं तर आटेही जातात.

तुटलाच आणि थोडा बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सैल पडतो आणि नट धरून स्टड फिरतो. आत तुटला असेल तर मधोमध सेंटर पंच मारून उलट्या आट्यांचं ड्रिल वापरा, अर्ध्या वेळी स्टड ड्रिलबरोबरच बाहेर येतो. आटे गेलेच तर एम-८ × १.२५ चं हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवायचं. मोठं भोक पाडून जाड बोल्ट ठोकण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. फ्लँजच्या, म्हणजे हेडरच्या हेडला टेकणाऱ्या चपट्या पट्टीच्या, भोकातून तो बोल्ट जाणार नाही.

जुनंच पॅकिंग आणि लाल सिलिकॉन

सर्वांत जास्त त्रास इथेच होतो, म्हणून इथे घाई करू नका.

हेडरचा फ्लँज हातात घ्या. तो ६ मिमीचा पातळ असेल तर बहुतेकदा वाकलेलाच असतो, ८ ते १० मिमीचा टिकतो. पोलादी पट्टी लांबीच्या दिशेने आणि कर्णाच्या दिशेने टेकवा, खाली फिलर गेज सरकवून पाहा. ०.१ मिमीची पाती कुठेही आत शिरली, तर फ्लँज सरफेस ग्राइंडिंगला द्या. वेल्डिंगमुळे फ्लँज केळ्यासारखा वाकतो. मधले नट घट्ट बसतात आणि पहिल्या-चौथ्या सिलिंडरकडे फट राहते. गळती बहुतेक वेळा टोकाच्याच सिलिंडरला निघते, ती यामुळेच.

मग पॅकिंग फ्लँजवर ठेवून भोकं जुळतात का ते पाहा. हेडरचं भोक पॅकिंगपेक्षा लहान असेल तर वाफाळता गॅस त्या काठावर आदळतो आणि पॅकिंग काठाकडून जळत जातं. हेडरच्या आतल्या काठाला हलकी ग्राइंडिंग करून घ्या. हेडच्या भोकाला मात्र हात लावू नका.

लाल सिलिकॉन एक्झॉस्टच्या तोंडाशी कधीच लावू नका. डब्यावर ‘हाय टेम्प’ लिहिलेलं असलं तरी ते साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास हार मानतं. तोंडाशी गॅस जोरावर सातशे-आठशे अंशांवर जातो. वर सिलिकॉनच्या वाफा ऑक्सिजन सेन्सर खराब करतात. कोरडं, नवीन, पत्र्याच्या थरांचं पॅकिंग घ्या. हेडवरचा जुना थर पितळी खरवडणीने काढा. पॉलिश पेपरचं चाक ॲल्युमिनियमवर फिरवलं की खड्डे पडतात.

नट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत आवळा. एम-८ ला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान टॉर्क (आवळण्याचा जोर) असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. स्टडच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावलं असेल तर आकड्याच्या खालच्या बाजूला राहा, कारण ग्रीसमुळे तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त बसतो.

बोअरच्या जीआय पाईपाचा हेडर

गावात वेल्डिंगचं दुकान असतं, पाईपाचे तुकडेही पडलेले असतात. मग बोअरवेलचा जीआय पाईप वाकवून हेडर करून देण्याची तयारी कोणीतरी दाखवतोच. नको. जस्ताचा मुलामा वेल्डिंगमध्ये आणि पुढे तापल्यावर धूर सोडतो. त्याने वेल्डरला ताप-थंडी भरते. शिवाय मुलामा असलेल्या पाईपावर वेल्ड भुसभुशीत राहते. साध्या पोलादाचा, निदान १.५ मिमी जाडीचा, काळा पाईप चालेल. ३०४ स्टेनलेस घेतलं तर वेल्डिंग टिग मशीनवर, पाईपात आतून आर्गॉन वायू सोडून. नाहीतर आतल्या बाजूला काजळीसारखे दाणे जमतात आणि वेल्ड तिथूनच तडकते.

गाडीवर फक्त टाके मारा. पूर्ण वेल्डिंग हेडर उतरवून, फ्लँज जाड प्लेटला बोल्टने बांधून करा. टाके मारतानाही आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सोडा आणि वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प थेट पाईपलाच लावा.

सेन्सरची जागा आणि तार

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि चारही पाईप एकत्र झाल्यानंतर बसतो. एम-१८ × १.५ चा बंग (सेन्सर बसवायचं आट्यांचं कडं) वरच्या बाजूला, आडव्या रेषेपेक्षा निदान दहा अंश तिरपा लावा, म्हणजे थंड सुरुवातीच्या वेळी पाईपात साचणारं पाणी त्याच्या टोकावर पडत नाही. एका तारेचा जुना सेन्सर इंजिनापासून फार लांब गेला की तापतच नाही आणि ईसीयू अंदाजाने पेट्रोल देतो. तिथे चार तारांचा, आत हीटर असलेला सेन्सर लावा. तार वाढवायची असेल तर तयार कनेक्टर वापरा, सोल्डर करू नका. अनेक सेन्सर तारेतल्या बारीक जागेतूनच संदर्भाची हवा घेतात.

आता वरच्या गळतीचा हिशेब लक्षात घ्या. एक्झॉस्टचे झटके एकामागे एक येतात, मधल्या क्षणी दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, मिश्रण पातळ आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो. प्लग काळे, मायलेज खाली, आणि मालक पेट्रोल फवारणारे नोझल धुण्यात पैसे घालवतो. नोझलला हात लावण्याआधी पॅकिंग तपासा.

कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) काढून सरळ पाईप लावण्याचा मोह टाळा. भारत स्टेज दोननुसार बनलेल्या पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्क्याच्या आत लागतो. कन्व्हर्टरशिवाय तो आकडा गाठणं कठीण. पंधरा वर्षांनंतर आरटीओत नोंदणी नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी दाखवावीच लागते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. मूळ मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका.

आजूबाजूचं भाजणं

ओतीव मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कवच हेडरबरोबर बसत नाही, म्हणून ते काढून फेकलं जातं. मग मेच्या ४५ अंशांत, बाहेरची हवाच तापलेली असताना, वायरिंगचं आवरण वितळतं. ज्या तारा, होज आणि रबरी बूट हेडरपासून ५० मिमीच्या आत येतात, त्या बाजूला बांधा. जिथे हलवता येत नाही तिथे दुहेरी पत्रा हवेची फट ठेवून लावा. पॉवर स्टिअरिंगचा होज खास बघा. त्यातलं तेल तापलेल्या पाईपावर पडलं की थेट आग.

कापडी हीट रॅप गुंडाळायचा असेल, तर साध्या पोलादाच्या पाईपावर तो पावसाळाभर ओल धरतो आणि आतून गंज खातो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टला गाडी चिखलातून रपट्यावर, रपट्यावरून चिखलात, अशीच फिरते. सिरॅमिक कोटिंग महाग पण खरं. आणि लालसर तापलेला हेडर घेऊन रपट्याच्या पाण्यात गाडी घालू नका. वेल्डच्या काठाला तडा जातो. दोन मिनिटं थांबून, हळू जा.

हंगामात आणखी एक. सोयाबीनच्या कुटारावर किंवा वाळलेल्या पऱ्हाटीवर गाडी लावू नका. हेडर आणि कन्व्हर्टर दोन्ही खाली असतात, आणि कोरड्या कुटाराला ठिणगीही लागत नाही, नुसता ताप पुरतो.

खालून घासणं आणि तडकणं

सिटीत एक्झॉस्ट इंजिनाच्या पुढच्या, रेडिएटरच्या बाजूला असतो. म्हणून हेडरचा पाईप ऑइल चेंबरच्या खालून मागे येतो आणि गावाच्या तोंडाशी असलेल्या बिनमापाच्या गतिरोधकाला पहिला तोच टेकतो. उंची रिकाम्या गाडीची मोजू नका. पाच माणसं बसवून मोजा.

तडा मात्र बहुतेकदा दगडाने जात नाही, इंजिनाच्या हेलकाव्याने जातो. इंजिन आडवं असल्यामुळे क्लच सोडताना ते पुढे-मागे डुलतं. मूळ रचनेत हा झोका स्प्रिंगचा गोल जोड किंवा जाळीचा फ्लेक्स (लवचिक तुकडा) पेलतो. तो काढून सरळ पाईप वेल्ड केला, की चारही नळ्या एकत्र येतात तिथे तडा ठरलेला. फ्लेक्स ठेवा. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, अर्ध्या क्लचवर कोणाला तरी हलकं ओढायला सांगा. गाडीच्या समोर उभं न राहता बाजूने बघा. इंजिन उचलल्यासारखं हललं तर आधी इंजिनाचे माउंट (रबरी आधार) बदला.

पहिला स्टार्ट आणि आवाज

हेडर थिनरने पुसून मोकळ्या जागेत सुरू करा. पहिली दहा मिनिटं थोडा धूर निघतो, तेलाच्या बोटांचे ठसे जळतात. पूर्ण गार झाल्यावर नट पुन्हा आवळा, मग शंभर-दीडशे किलोमीटरनंतर परत एकदा, गारच असताना.

गार इंजिनाला टिकटिक आणि पाच मिनिटांनी बंद, तर ती गळती आहे. धातू फुगून फट मिटते. गरम झाल्यावरही तसाच आवाज असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पाहा. खात्रीसाठी इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या टोकाला ब्लोअर लावा, भोवती ओला फडका गुंडाळा, आणि सर्फचं पाणी प्रत्येक जोडावर मारा. बुडबुडे जिथे, गळती तिथे. ॲक्सिलरेटर सोडताना फट-फट आवाज येत असेल, तर खालचा जोड आधी तपासा.

नवीन पाईपांचा रंगही बोलतो. तीन नळ्या सोनेरी-निळ्या झाल्या आणि एक तशीच पांढरी राहिली, तर त्या सिलिंडरचा प्लग, वायर किंवा नोझल बघा. आणि एसी लावल्यावर केबिनमध्ये धुराचा वास आला, तर काचा उघडा, गाडी थांबवा. पुढचा प्रवास वरची गळती बंद केल्यावरच.