सीतेची आसवं: कशी शोधाल, कशी बघाल

कास पठारावर येणारे निम्मे लोक सीतेची आसवं या फुलांच्या निळ्या गालिच्याचा फोटो काढतात आणि त्यातलं एकही फूल न बघता साताऱ्याला परततात. तसं करायचं नसेल तर हे वाचा.

सप्टेंबरात या, शनिवार-रविवार टाळून. हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं, ते आधी करा. सोबत दहापट भिंग आणि खताच्या पोत्याचा तुकडा घ्या. पोतं गुडघ्याखाली, तेही पायवाटेवर किंवा उघड्या कातळावरच. फुलांत पाय टाकणाऱ्याला मी तरी सोबत घेत नाही.

आता ओळख. पाणी झिरपणाऱ्या ओल्या जागा बघा. काडीसारखा बारीक दांडा, नखाएवढं निळं-जांभळं फूल, खालची पाकळी पसरट, तिच्या वर पांढरट डाग. बाजूनं पाहिलंत तर मागे शेपटासारखी सोंड दिसते. ती दिसली की खात्री. आभाळीही निळीच, पण तिच्या फुलात केसाळ झुबका असतो. शेजारची पांढरी बटणं म्हणजे गेंद.

भिंग फुलाजवळ धरू नका. ते डोळ्याला लावा आणि डोकंच खाली न्या, फूल इंचभरावर येईपर्यंत.

रावणानं पळवून नेताना सीतेची आसवं जमिनीवर पडली, त्यांची ही फुलं झाली, अशी लोककथा. शास्त्रीय नाव मात्र जमिनीखालचं. लिनियसनं १७५३ साली वंशाला युट्रिक्युलेरिया म्हटलं, लॅटिनमधल्या चामड्याच्या छोट्या पिशवीवरून. या वनस्पतीला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत इवल्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी उपसून टाकते, भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी असलेल्या केसाला सूक्ष्म जीव शिवला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत जातो, एक मिलिसेकंदही लागत नाही. कातळावरच्या पातळ मातीत नत्र फार कमी, ते असं मिळवायचं. म्हणजे बाई रडते आहे असं समजून हळहळू नका, ती जेवते आहे.

पिशव्या बघायला उकरायचं मात्र नाही. त्यासाठी पुस्तकातली चित्रं आहेत.

फोटो ढगाळ उजेडात घ्या, उन्हात निळा रंग फिका पडतो. दांड्यांचे बुडखे ओले असतील तिथंच जरा रेंगाळा: तांबूस, चिकट थेंबांचा गवती दवबिंदू, ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती, बहुधा त्याच चिखलात सापडतो.